सुबराव मास्तरांची लाल गाडी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही हात मोकळे करून घ्या. नाम झालं, निरूपण झालं, आता गोष्टीला बसायचं. पण गोष्टीच्या आधी एक प्रश्न टाकतो. उत्तर लगेच देऊ नका — घाईत दिलेलं उत्तर चुकतं, आणि चुकलं की शेजारचा हसतो!

प्रश्न असा — अभिमान वाईट की चांगला?

बघा, हललीच सगळी डोकी! "वाईट, महाराज, वाईट!" अहो, मघाशी मीच घसा कोरडा करून सांगितलं ना, अभिमान टाका म्हणून? मग तुम्ही दुसरं काय म्हणणार? पण मला एक सांगा. एखाद्या पोराला आपल्या बापाच्या धंद्याची लाज वाटली, बापाचं नाव सांगताना त्याचा आवाज खाली गेला — तर तो पोरगा निरभिमानी झाला का? त्याला हार घालायचा का आपण? — आता का गप्प? मघाशी तर जोरात बोलत होता!

तर ऐका, मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात सुबराव ऐवळे नावाचा माणूस. ऐवळे म्हणून त्याला पोस्टमनसुद्धा ओळखायचा नाही. सगळे म्हणायचे सुबराव मास्तर. शाळेचा मास्तर नव्हे — बँडचा मास्तर! 'सुबराव मास्तर आणि पार्टी'. हातात क्लॅरिनेट, अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, डोक्यावर तुरा. आणि छाती? ती जन्मतःच पुढे! वरात निघाली की मास्तर सगळ्यांच्या पुढे, पण तोंड मागे. उलटा चालायचा. नजर आपल्या वाजवणाऱ्यांवर, आणि त्यांच्या पलीकडे — फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी! रस्त्यात खड्डा आला, शेण आलं, गटार आलं, पाय कधी चुकला नाही आणि सूर कधी हलला नाही. नवरीच्या पाठवणीला मास्तरनं क्लॅरिनेट ओठाला लावलं की मांडवातली पोलीस खात्यातली माणसंसुद्धा डोळे पुसायची.

पण गंमत बघा. आयुष्यभर ह्या माणसानं सजवलेली गाडी पाहिली ती समोरून! आत बसला नाही कधी. ह्यांचा प्रवास टेम्पोतून. मांडीवर ढोल, डोक्याला ट्रंपेट टोचतंय, वर ताडपत्री, आणि समोर बायको — शालन. शालनबाई पार्टीबरोबर जायच्या. कोटांना इस्त्री, माणसांना जेवण, आणि कुणी प्यायला असेल तर त्याला शिव्या, अशी तीन खाती त्यांच्याकडे!

ह्या बँडवर घर बांधलं. ह्या बँडवर एकुलता एक मुलगा धीरज शिकला, इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला. आणि एक दिवस मास्तर म्हणाले, "शालन, आता एक गाडी घ्यायची. आपली. नवी कोरी."

शालनबाई म्हणाल्या, "घ्या की! मी काय नको म्हणते? पण पुढं बसणार मी."

मंडळी, ठरलं! धीरज सुट्टी काढून आला आणि तिघं निघाले सांगलीला, शोरूमला. मास्तरांनी त्या दिवशी कपडे कुठले घातले असतील? पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री. बायकोला विचारलं, "कसा दिसतो?" ती म्हणाली, "कोट नसला की निम्मेच दिसता."

शोरूम म्हणजे काय सांगू! फरशी अशी की त्यात आपलाच चेहरा दिसावा. गार वारा. एक मुलगी पुढे आली, गोड बोलणारी, तिनं ह्यांना बसवलं, सरबत दिलं आणि समोर मोठा पडदा लावला. त्यावर गाडी! बोट लावलं की रंग बदलतोय, बोट लावलं की चाकं बदलतायत. आणि रंगांची नावं काय! आपल्याकडे रंग म्हणजे लाल, पिवळा, निळा. तिथं तसं नाही. तिथं 'मूनलाइट', तिथं 'ग्लेशियर', तिथं 'व्होल्कॅनो'! अहो, रंग आहे की भूगोलाचा धडा?

धीरजनं घरूनच ठरवून आणलेलं. म्हणाला, "ग्रे द्या. डार्क ग्रे. काळे अलॉय व्हील्स. आणि वर सनरूफ."

मास्तर पडद्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "बाई, तो लाल दाखवता का जरा?"

मुलीनं बोट लावलं. गाडी लाल झाली! मंडळी, मास्तरांच्या तोंडावर असं हसू आलं, जसं बारशाला आजोबांच्या तोंडावर येतं. खुर्ची पुढे ओढली. "चाकं काळी नकोत. चांदीसारखी लावा. चमकणारी! हां... आणि वर कॅरियर बसंल का? ढोल राहतील, स्टँड राहतील. टेम्पोतली गर्दी कमी होईल."

मुलगी म्हणाली, "सर, ह्या गाडीला एकतर सनरूफ मिळेल, नाहीतर कॅरियर. दोन्ही नाही."

"मग कॅरियर!" मास्तर म्हणाले.

आणि धीरज पटकन बोलून गेला, "आबा, काय हे! लाल गाडी, वर कॅरियर... बँडवाले वाटू आपण!"

झालं. शब्द बाहेर पडला. तो गार वारा आणखी गार झाला. त्या मुलीनं उगीच पाण्याचा ग्लास सरकवला. आणि मास्तर मुलाकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाले, "आरं, मग आपण कोण आहोत?"

धीरजनं वडिलांना बाहेर नेलं, जिथं नव्या गाड्या उभ्या होत्या तिथं. आणि मग त्याच्या तोंडून सगळं निघालं. पुण्यात ऑफिसात एक मुलगी आहे. ऋतुजा. चांगली आहे. लग्न करायचं ठरलंय. तिचे वडील आनंदराव शेळके, विट्याला हार्डवेअरचं मोठं दुकान. ते धीरजला भेटलेत, पसंतही आहे. साखरपुड्याचा महिनाही धरलाय.

मास्तरांना आनंद झाला! "मग लेका, ही बातमी अशी रस्त्यावर सांगतोस व्हय? चल, आजच जाऊ विट्याला!"

"आबा... नको. गाडी आली की जाऊ."

"का रं?"

धीरज चाकाकडे बघत म्हणाला, "मी त्यांना सांगितलंय, आपण सांगलीत राहतो. आणि तुमचा... इव्हेंट मॅनेजमेंटचा व्यवसाय आहे म्हणून."

मंडळी, तो शब्द मास्तरांना कळला नाही. पण मुलाची मान खाली का गेली, ते कळलं. बापाला शब्द कळावे लागत नाहीत. शालनबाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी तोंड उघडलं होतं — आणि ते तोंड उघडलं की पार्टीतले सगळे पळायचे! पण मास्तरांनी हातानं थांबवलं. आत गेले. त्या मुलीला म्हणाले, "बाई, पोराला हवा तो रंग द्या. चाकं त्याच्या मनाची. वरचं ते काचेचंही बसवा. माझं काही नाही."

सही केली. पैसे मास्तरांचे, सही मास्तरांची, आणि गाडी? गाडीत मास्तर कुठेच नव्हते!

घरी आल्यावर मास्तर नेहमीसारखे तालमीला बसले. पण वाजेना. फुंकर जायची, सूर यायचा, पण मधला माणूस नव्हता त्यात. शालनबाई म्हणाल्या, "बोला त्याला चार शब्द. बाप आहात तुम्ही."

मास्तर म्हणाले, "बोलून लाज जाती का गं कुणाची? आणि त्याचं लग्न मोडलं, तर माझा लाल कोट काय कामाचा?"

किती सोसतो हो बाप! रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेला बाप परवडतो. गप्प बसलेला नाही परवडत. ज्यांनी बापाला गप्प बसवलंय, त्यांना माहीत आहे मी काय म्हणतोय.

बरं, पुढे ऐका. गाडी यायला महिना-दीड महिना होता. धीरज पुण्याला गेला. आणि एके दिवशी सकाळी मास्तरांच्या दारात एक गाडी थांबली. आतून एक भारदस्त गृहस्थ उतरले. टोपी, चष्मा, हातात पेढ्याचा पुडा. "सुबराव मास्तर इथंच राहतात ना?"

"या या, बसा. मीच सुबराव." बँडवाल्याच्या घरी असा माणूस आला की तो सुपारी द्यायलाच येणार, म्हणजे बँड ठरवायला. शालनबाईंनी चहा टाकला.

पाहुणे म्हणाले, "मास्तर, माझ्या लग्नात तुमच्या वडिलांनी वाजवलं होतं. माझी मंडळी अजून ते बोलून दाखवते. आता माझ्या एकुलत्या एक मुलीचा साखरपुडा आहे. बँड तुमचाच पाहिजे. नाही म्हणू नका. काय आहे, मुलाकडची माणसं मोठी आहेत. ते इव्हेंट की काय असतं ना, त्यातली. त्यांच्यासमोर आमचं काही कमी पडायला नको. तुमचा बँड दारात उभा राहिला, तर माझी मान वर राहील!"

मास्तर पुढे सरकून बसले. "नाव काय म्हणालात आपलं?"

"शेळके. आनंदराव शेळके. विट्याचा."

अहो मंडळी! हसताय काय? मास्तरांच्या जागी बसून बघा जरा! ज्या व्याह्यापासून पोरगा बापाला लपवतोय, तो व्याही बापाच्या अंगणात बसून बापाचं कौतुक करतोय! कशासाठी? तर पोराच्या बापासमोर मान वर राहावी म्हणून!

आतून शालनबाईंचा आवाज — "अहो, सांगा की आता!" आनंदरावांना वाटलं, चहाचं चाललंय. म्हणाले, "साखर कमी सांगा." 

मास्तरांच्या मनात काय झालं असेल? एक वाक्य बोलायचं होतं. 'शेळकेसाहेब, तो मोठा माणूस मीच!' संपलं! छाती तर आपोआप फुगत होती. पण ते वाक्य बोललं, की मुलगा खोटा ठरतो. आणि सुपारी घेतली, तर मुलाच्याच साखरपुड्याला भाड्यानं उभं राहायचं. खोटं बोलायचं, तर जीभ वळेना. मग मास्तर काय म्हणाले?

म्हणाले, "साहेब, तुम्ही आलात, माझ्या बापाचं नाव काढलंत, त्यात मला सगळं मिळालं. पण ही सुपारी मला घेता येत नाही. त्या दिवशी माझ्याच घरी कार्य आहे. माझ्याही मुलाचा साखरपुडा आहे."

खोटं बोलला का हो? एक अक्षर खोटं नाही!

आनंदराव हिरमुसले. उठताना म्हणाले, "नशीबवान आहे तुमचा मुलगा. आम्हाला तुमच्या दारात यावं लागतं. त्याच्या घरातच हे सगळं!" पेढ्याचा पुडा मात्र परत नेला नाही. "मुलाला द्या," म्हणाले, "माझ्याकडून." आणि गेले.

मास्तरांनी मुलाला फोन लावला. रागावले नाहीत. घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाले, "पेढे आलेत तुझ्यासाठी. सासऱ्याकडून. येशील तेव्हा खा." 

पलीकडून आवाज नाही. मास्तरांना वाटलं, रेंज गेली. रेंज गेली नव्हती, मंडळी. पोरगा रडत होता.

धीरज निघाला, तो घरी आला नाही. सरळ विट्याला गेला. ऋतुजालाही बरोबर नेलं. हार्डवेअरच्या दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना, खिळ्यांच्या डब्यांसमोर उभा राहून म्हणाला, "काका, मी खोटं बोललो. तुम्ही ज्यांच्या घरी सुपारी घेऊन गेला होता, ते माझे वडील."

आनंदरावांना आधी कळेना. कळलं तेव्हा चष्मा काढला. "म्हणजे... त्या माणसाला सगळं माहीत होतं? आणि तुझी मान खाली जाऊ नये म्हणून गप्प राहिला?"

"हो."

"आणि तू त्याला लपवलंस?"

"हो."

"चालता हो!" आनंदराव गरजले. गिऱ्हाईकसुद्धा दोन पावलं मागं सरकलं! 

पण मंडळी, बापाचं रागावणं सोपं. ऋतुजा काय म्हणाली ते ऐका. ती शांतपणे म्हणाली, "धीरज, बँडवाल्याच्या मुलाशी मी लग्न केलं असतं. आनंदानं केलं असतं. पण तू वडिलांना लपवलंस. उद्या कुणासमोर माझी लाज वाटली, तर मलाही लपवशील?"

इंजिनिअरिंगच्या कुठल्या परीक्षेत असतो हा प्रश्न?

धीरज घरी आला. आईनं ताट वाढलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात पार्टीचं काम होतं. धीरज टेम्पोत चढला. मास्तर म्हणाले, "तू कुठं?" म्हणाला, "येतो." अंगात लाल कोट घातला — दंडात तंग होत होता, पण घातला — आणि खुळखुळा हातात घेतला. ताल चुकला. एकदा चुकला, दहादा चुकला! भर रस्त्यात, ओळखीच्या माणसांसमोर. पुढच्या कामालाही गेला. सुट्टी संपेपर्यंत जात राहिला, आणि मग शनिवार-रविवारी पुण्याहून येऊन जायला लागला. कुणाला दाखवायला नाही. व्हिडिओ काढला नाही, कुठं टाकला नाही! हल्ली पश्चात्तापाचासुद्धा व्हिडिओ निघतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

एकदा अशीच वरात विट्यातून निघाली. आनंदराव दुकानाच्या पायरीवर उभे. बँड समोर आला. पुढे उलटे चालणारे मास्तर, आणि रांगेत, घामानं निथळलेला, लाल कोटातला होणारा जावई! आनंदराव बघत राहिले. वरात पुढे गेली. संध्याकाळी ते लेकीला फोनवर म्हणाले, "पोरी, मी माझा राग सोडलाय. तुझा तू बघ." 

ऋतुजानं बघायला वेळ घेतला. चांगला घेतला! आणि मग एका रविवारी बाप-लेक मास्तरांच्या अंगणात येऊन बसले. आनंदराव म्हणाले, "मास्तर, सुपारी देत नाही आता. मुलगी देतोय. घ्याल का?"

मास्तर उभे राहिले. शालनबाईच म्हणाल्या, "घेतो की! आणि ह्या वेळी साखर जास्त घालते!"

आता गाडीकडे येऊ. तुम्हाला वाटलं, महाराज गाडी विसरले? गाडी विसरून कसं चालेल, आजकाल देवळाबाहेर चपलांपेक्षा गाड्यांकडेच जास्त लक्ष असतं आपलं! गाडीची तारीख लांबत गेली होती, कारखान्यातून निघायची होती अजून. चौघं गेले शोरूमला — ऋतुजाही बरोबर. तीच मुलगी, तोच पडदा. धीरज म्हणाला, "मॅडम, रंग बदलायचाय. लाल. चाकं चांदीसारखी. चमकणारी. आणि सनरूफ काढा, कॅरियर लावा."

मास्तर बघतच राहिले. पण मागून शालनबाई — "थांबा!"

सगळे थांबले. शालनबाई थांबा म्हणाल्या की ढोलही थांबतो.

"लाल करा. चाकं चमकवा. पण ते वरचं काचेचं ठेवा. तुमच्या ढोलांसाठी टेम्पो आहे. मी सगळं आयुष्य ताडपत्रीखाली बसून गेले-आले. मला आता आभाळ पाहिजे."

मंडळी, बघा! बाप आणि मुलगा एकमेकांच्या मनाचं बघण्यात गुंतले होते. तिसरं माणूस तिथं होतं, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं! मास्तर हात जोडून म्हणाले, "चुकलं बाई. आभाळ ठेवा." 

धीरजनं आपल्याकडून एकच गोष्ट सांगितली. मागच्या काचेवर अक्षरं. मोठी, सोनेरी. 'सुबराव मास्तर आणि पार्टी'.

साखरपुड्याचा दिवस आला. गाडी काय दिसत होती म्हणून सांगू! लालभडक, झेंडूच्या माळा, चाकांवर ऊन चमकतंय. धीरज चालवायला, शेजारी शालनबाई — ठरल्याप्रमाणे पुढे! — मान मागे टाकून वरच्या काचेतून आभाळ बघतायत. आणि मागे, मधोमध, लाल कोट, सोनेरी झुपके, तुरा लावून सुबराव मास्तर. क्लॅरिनेट? ते ह्या वेळी पार्टीतल्या थोरल्या चेल्याकडे. पार्टीनं बजावलं होतं, "मास्तर, आज तुम्ही बसायचं. हालायचं नाही!"

विट्याच्या गल्लीत गाडी वळली आणि बँड सुरू झाला. पण आज नेहमीसारखा नाही! आज सगळी पार्टी गाडीकडे तोंड करून उलटी चालत होती. ढोलवाला उलटा, ट्रंपेटवाला उलटा! धडपडत होते, एकमेकांच्या पायावर पाय देत होते, पण मास्तरांकडे पाठ करायला कुणी तयार नाही. आणि मास्तर? आत बसून हात जोडलेले, आणि डोळे वाहतायत. पुसत नव्हते. आजवर इतक्या लोकांना रडवलं, आज त्यांची पाळी!

गल्ली भरून गेली. गच्च्यांवर माणसं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत गाडीजवळ आले, आत वाकून त्यांनी धीरजला विचारलं, "कोण पाहुणं म्हणायचं हे? कुठले?"

धीरजनं गाडी थांबवली. दार उघडून बाहेर उभा राहिला — आणि बँडच्याही वर आवाज चढवून म्हणाला, "बँडमास्तर सुबराव ऐवळे! माझे वडील!"

म्हाताऱ्यानं एकदाच विचारलं होतं. पण धीरज दोनदा म्हणाला. "माझे वडील!" 

मंडळी... टाळ नको. अजून नको. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. अभिमान वाईट की चांगला?

गाडीचा अभिमान करू नका असं मी म्हणणार नाही. करा! रंग आवडीचा घ्या, चाकं चमकती घ्या, वर आभाळ घ्या. देवाला काही त्याचा राग नाही. पण तुमच्यातले कितीतरी जण आज गाडी घेऊन आलेत. घरी जाताना तिच्यात बसलात, की शेजारी बघा, मागे बघा. ज्यांच्या खांद्यावर बसून तुम्ही इथवर आलात, ती माणसं आत आहेत का? की घरी ठेवून आलात? कुणी शेतात राबलं असेल, कुणी भांडी घासली असतील, कुणी चपला शिवल्या असतील, कुणी वाजवलं असेल. उद्या चारचौघांत कुणी विचारलं, "वडील काय करतात? आई काय करायची?" — तर तुमचा आवाज खाली जाणार, की वर?

उद्यापर्यंत कशाला थांबता! इथंच म्हणा. प्रत्येकानं आपल्या आईचं नाव घ्या, बापाचं नाव घ्या, मोठ्यानं. लाजू नका, शेजारचा ऐकेल तर ऐकू दे! हां... अजून मोठ्यानं! ह्या मांडवाचं छत हलू द्या!

आता घ्या टाळ. आणि ह्या सगळ्या नावांमागोमाग देवाचं नाव येऊ द्या. पखवाजवाले, तुम्ही सुरुवात करा — आणि जरा ताठ बसून वाजवा!